देओलोच्या उतारावरची मुलं

मंगळवार

दार्जिलिंगला सगळेच जातात. आम्ही कालिंपाँगला निघालो ते मावशींच्या हट्टामुळे. मावशी म्हणजे आमच्या शेजारच्या. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकल्या आणि पुढे जन्मभर नोकरीही तिथेच केली. ते हॉस्पिटल काढणारे डॉ. विल्यम वानलेस 1889 साली कॅनडातून हिंदुस्थानात आले. त्याच साली जॉन अँडरसन ग्रॅहम नावाचे एक स्कॉटिश पाद्री नुकतंच लग्न झालेल्या बायकोला घेऊन कालिंपाँगला पोचले. हा योगायोग कळल्यापासून मावशी ग्रॅहमना 'आमच्या साहेबांच्या बॅचचे' म्हणतात. या ग्रॅहमनी अनाथ आणि टाकलेल्या मुलांसाठी जी वसाहत उभारली, ती बघायची, एवढाच आमचा बेत होता. बरोबर मावशींची एक बॅग, आणि चकलीचा डबा. दिवाळी तोंडावर आली होती, आणि फराळ सोडून घराबाहेर पडायला त्या तयार नव्हत्या.

सियालदहहून सुटलेली दार्जिलिंग मेल सकाळी न्यू जलपाईगुडीला उशिरा लागली. तिथून जीप. सेवोकला मैदान संपतं, तिस्ता नदी दिसू लागते आणि गाडी चढायला लागते. कॉरोनेशन ब्रिज उजव्या अंगाने येतो आणि मागे पडतो. त्याच्या पुढे नदीने 2023 च्या ऑक्टोबरात काय केलं ते अजून दिसतं. सिक्कीममधलं दक्षिण ल्होनाक सरोवर फुटलं तेव्हा या खोऱ्यातून जो लोंढा आला, त्याने नदीचं पात्रच वर उचललं. काठावरच्या काही घरांच्या तळमजल्यांत गाळ तसाच आहे. रस्ता जागोजाग एकेरी. आमचे ड्रायव्हर दाजू (इथे सगळ्या ड्रायव्हरांना दाजू म्हणतात, आम्हीही म्हणू लागलो) प्रत्येक अडथळ्याला गाडी बंद करून खाली उतरत आणि शांतपणे सुपारी खात.

संध्याकाळी कालिंपाँग. थुक्पा खाल्ला आणि झोपलो.

बुधवार

बुधवार आणि शनिवार इथला बाजार, त्याला हाटच म्हणतात. मावशींनी दहा मिनिटांत ओळखीचं काय आणि अनोळखी काय याची वाटणी केली. इस्कूस म्हणजे आपलं चायोटे, ते बेळगाव-मिरजेकडेही मिळतं म्हणून त्यात राम नाही. पण डल्ले मिरची, बोराएवढी गोल, लालभडक, ती मात्र त्यांनी अर्धा किलो घेतली. "लोणचं घालीन," म्हणाल्या. विकणारीने दोनदा बजावलं की तिखट आहे. मावशींनी तिला सांगितलं, आम्ही कोल्हापूरच्या बाजूचे आहोत. तिला काय कळलं देव जाणे.

दुपारी मॅकफार्लेन चर्च पाहिलं. गावाच्या डोक्यावर उभं आहे, त्यामुळे चुकायचं म्हटलं तरी चुकत नाही. विल्यम मॅकफार्लेन हे ग्रॅहम यांच्या आधीचे मिशनरी, 1887 मध्ये वारले. चर्च त्यांच्या स्मरणार्थ 1891 मध्ये बांधून झालं. सप्टेंबर 2011 च्या भूकंपात त्याला चांगलाच धक्का बसला होता. आता डागडुजी झाली आहे. आतलं लाकडी छत मान वर करून बघत राहावं असं. इथे उपासना नेपाळीत चालते. मावशी पहिल्या बाकावर बसल्या आणि टिळकांचं एक गीत अर्ध्या आवाजात म्हणाल्या. मराठी ख्रिस्ती माणूस कुठल्याही चर्चमध्ये शिरला की रेव्हरंड टिळकांशिवाय बाहेर येत नाही, हे मी गेली कित्येक वर्षं पाहते आहे.

हे गाव आपल्या मिशनऱ्यांना कसं मिळालं हेही सांगायला हवं. 1865 पर्यंत ही टेकडी भूतानची होती. इंग्रज-भूतान लढाईनंतर सिंचुलाच्या तहात ती कंपनीच्या नव्हे, आता राणीच्या, राज्यात आली. पुढे तिबेटची लोकर जेलेप ला खिंडीतून खेचरांवर लादून इथे उतरू लागली आणि खेड्याची बाजारपेठ झाली. ग्रॅहम आले तेव्हा लेपचा, भुतिया, नेपाळी, मारवाडी अशी सरमिसळ नुकती जमत होती. चर्च ऑफ स्कॉटलंडच्या तरुणांच्या संघटनेने पैसे गोळा करून त्यांना पाठवलेलं. त्यांच्या पत्नी कॅथरीन. त्यांना सहा मुलं झाली.

कॅथरीनबाईंचं काम बघायला आम्ही खाली कालिंपाँग आर्ट्स अँड क्राफ्ट्स सेंटरला गेलो. 1897 मध्ये त्यांनी इथल्या बायकांसाठी लेस विणायचे वर्ग काढले. पुढे त्यात विणकाम, सुतारकाम, भरतकाम आलं. आम्ही गेलो तेव्हा एक बाई मागावर बसल्या होत्या. पिशवीसाठी लेपचा पद्धतीचं पट्टेरी कापड विणत होत्या. धोटा डावीकडून आला की उजवा पाय, मग फणी दोनदा ठोकायची, मग नखाने एक धागा सरळ करायचा. हा नखाचा भाग कुणी शिकवत नाही, तो हाताला लागतो. मावशी बराच वेळ नुसत्या त्या नखाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या आजीला नगरला हेच शिकवलं होतं."

मावशींच्या आजीची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी माहीत होती. 1900 च्या दुष्काळात अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरात शेकडो अनाथ मुलं ठेवून घेतली. त्यांना पोसलं, लिहायला शिकवलं, आणि पोटापाण्यासाठी माग आणि रंधा हातात दिला. मावशींची आजी त्यांतली एक. दुष्काळी मूल. तिला वाढवणारी माणसंही अशीच घरंदारं सोडून आलेली, बोस्टनकडची वगैरे. त्यांचीही पोरं इथेच जन्मलेली, मराठी बोलणारी. त्यामुळे मावशी मिशनरी कुटुंबांबद्दल बोलतात तेव्हा त्यात भक्ती कमी असते आणि घरच्या माणसाची सूट जास्त. मडम कडक होत्या, हेही त्याच सांगतात, आणि त्यांच्याविरुद्ध दुसऱ्याने बोललेलं खपवून घेत नाहीत.

गुरुवार

होम्स. इथे कुणालाही विचारा, 'डॉ. ग्रॅहम्स होम्स' कुणी पूर्ण म्हणत नाही. गावातून वर देओलोच्या डोंगराकडे रस्ता जातो, आणि त्या उतारावर शेकडो एकरांत ही वसाहत पसरली आहे. आम्ही आधी फोन करून परवानगी घेतली होती. शाळा चालू असलेल्या ठिकाणी पर्यटक म्हणून घुसणं बरं नव्हे, आणि मुलांचे फोटो तर नाहीच. तिथल्या एका बाईंनी आम्हाला फिरवून दाखवलं.

आधी ही मुलं कोण, ते सांगते. चहाच्या मळ्यांवर, दार्जिलिंगपासून दुआर्स (डोंगराखालचा सपाट पट्टा) आणि आसामपर्यंत, व्यवस्थापक आणि असिस्टंट बहुतेक इंग्रज, त्यातही स्कॉटिश बरेच. तरुण पोरं विलायतेहून यायची, आणि नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत लग्न करायला कंपन्या परवानगी द्यायच्या नाहीत. मळ्यात काम करणाऱ्या बायकांपासून त्यांना मुलं व्हायची. काही साहेब त्या बाईला आणि मुलांना वर्षानुवर्षं सांभाळायचे, काही बदली होताच विसरायचे. पण मूल मोठं झालं की सगळ्यांपुढे एकच पेच. साहेबाच्या बंगल्यात त्याला जागा नाही, आणि मजुरांच्या लाइनीत, म्हणजे त्यांच्या चाळीत, ते गोरंगोमटं पोर सगळ्यांच्या डोळ्यांवर. ग्रॅहम मिशनच्या कामासाठी मळ्यांमधून फिरत, तिथे त्यांना ही मुलं दिसत राहिली. 24 सप्टेंबर 1900 या दिवशी त्यांनी गावात एक भाड्याचं घर घेऊन सहा मुलं ठेवली. त्या घराचं नाव कियरनँडर कॉटेज. संस्थेचं नाव 'सेंट अँड्रूज कलोनियल होम्स'. आजचं नाव 1947 पासूनचं, म्हणजे ग्रॅहम गेल्यानंतरचं. ते वारले 1942 मध्ये.

अनाथालय म्हटलं की डोळ्यांपुढे लांबलचक हॉल आणि ओळीत खाटा येतात. इथे तसं काही नाही, आणि ग्रॅहम यांचं खरं डोकं मला इथेच दिसलं. डोंगरभर सुटी सुटी घरं. एकेका कॉटेजमध्ये वेगवेगळ्या वयांची पंचवीस-तीस मुलं आणि त्यांना बघणाऱ्या एक-दोन बायका. मुलं त्यांना आंटी म्हणायची. मोठ्यांनी धाकट्यांची वेणीफणी करायची, स्वयंपाकात हात लावायचा, फरशी पुसायची. नोकर नाहीत. त्या काळात हिंदुस्थानातल्या गरिबातल्या गरीब अँग्लो-इंडियन घरातही एखादी आया असायची, आणि तीच सवय या मुलांचं वाटोळं करेल असं ग्रॅहमना वाटे. मुलं अनवाणी फिरत. वसाहतीची स्वतःची शेती, गोठा, बेकरी, दवाखाना. घड्याळाच्या मनोऱ्याची मुख्य इमारत अजून तशीच दिमाखात उभी आहे.

एका कॉटेजचं स्वयंपाकघर आम्हाला बघायला मिळालं. भिंतीवर खुंट्यांची रांग, प्रत्येक खुंटीवर मग, प्रत्येक मगावर नेलपॉलिशने घातलेला आकडा. सतराव्या खुंटीवर मग नव्हता. बाईंनी तो टेबलाखालून काढला, धुतला आणि जागेवर लावला. एका मुलाने म्हणे त्यात गोगलगाय ठेवली होती. मावशी हसल्या. "आमच्या बोर्डिंगात पितळी असायच्या, त्यांवरही आकडेच."

चॅपल मात्र गंभीर आहे. कॅथरीन ग्रॅहम 1919 मध्ये गेल्या, त्यांच्या नावाने हे दगडी चॅपल 1925 मध्ये बांधलं. उंच छप्पर, रंगीत काचा, बाहेर आलात की समोर कांचनजंगा. 8586 मीटरचा डोंगर असा खिडकीच्या उंचीवर येऊन बसलेला बघून मी तरी गप्प झाले. बाईंनी सांगितलं, आजच्या मुलांमध्ये फी भरून शिकणारी बरीच आहेत, आणि देणगीदारांच्या पैशांवर राहणारी गरजू मुलंही आहेत. जुन्या मुलांना इथे ओजीबी म्हणतात, ओल्ड गर्ल्स अँड बॉइज. ते जगभर पसरले आहेत आणि पैसे पाठवतात.

जगभर का, त्याचं उत्तर त्या जुन्या नावातल्या 'कलोनियल' मध्ये आहे. हिंदुस्थानात या मुलांना बरोबरीची जागा मिळणार नाही, हे ग्रॅहम यांनी गृहीत धरलं. मग त्यांना शेतावर आणि घरकामात तयार करून साम्राज्याच्या दुसऱ्या वसाहतींत पाठवायचं. 1908 ते 1938 या तीस वर्षांत साधारण 130 मुलंमुली न्यूझीलंडला गेली. मुलगे शेतांवर, मुली लोकांच्या घरी कामाला. पुढे बहुतेकांनी तिथेच संसार थाटले. कित्येकांनी आपल्या मुलांना सांगितलंच नाही की आपली आई आसामच्या मळ्यात पानं खुडत होती. आता त्यांची नातवंडं कागदपत्रं शोधत इथवर येतात.

त्या नातवंडांना बापाचं नाव सापडतं. बाप फी भरायचा, पत्रं लिहायचा. आईचं सापडणं अवघड, कारण आईला त्या व्यवस्थेत जागाच नव्हती. मूल होम्समध्ये आलं की आईशी संबंध तोडणं हा अपघात नव्हता, योजनेचा भाग होता. तिने येऊ नये, मुलाने तिची भाषा विसरावी, तरच ते नव्या आयुष्यात रुळेल, असा हिशेब. म्हणजे एकीकडे ज्या बाईने स्वतः सहा मुलं वाढवली आणि इथल्या बायकांच्या हाताला काम दिलं, तिच्या नावाचं इतकं सुंदर चॅपल. आणि दुसरीकडे याच टेकडीवर वाढलेल्या मुलांच्या आया, ज्यांची नावं रजिस्टरातही धड उतरली नाहीत. मला चॅपलमध्ये बसून हेच टोचत राहिलं, आणि मी ते बाहेर आल्यावर मावशींना बोलून दाखवलं.

मावशी उसळल्या. "मग काय करायला हवं होतं त्यांनी? लाइनीत ठेवायला हवी होती पोरं? बाप घेत नाही, सरकार विचारत नाही. कुणीतरी हात धरला ना? धरला त्यालाच तुम्ही जाब विचारता, आणि साहेबांना विचारत नाही."

"साहेबांनाही विचारते. पण आईला भेटू दिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"तेव्हा तसं कुणाला सुचत नव्हतं."

"आईला सुचत होतं की."

यावर त्या काही बोलल्या नाहीत. उतार उतरताना एका वळणावर थांबून, गुडघा चोळत, म्हणाल्या की त्यांच्या आजीच्या आईचं नाव घरात कुणालाच माहीत नाही. आजीलाच आठवत नव्हतं. ती दुष्काळात मेली, का पोर मिशनच्या दारात ठेवून निघून गेली, तेही नाही. आणि लगेच पुढे, "पण आजी जगली म्हणून मी आहे. हे पण लिही, लिहिणार असशील तर."

लिहिलं. माझं मत मात्र बदललं नाही. ग्रॅहम पती-पत्नीने जे केलं ते त्यांच्या काळातल्या शंभरात नव्व्याण्णवांनी केलं नसतं, हे मला पूर्ण मान्य आहे. घराच्या ऊबेची मुलाला गरज असते, ती मोठ्या हॉलात मिळत नाही, हे त्यांना 1900 मध्ये कळलं होतं. आपल्याकडच्या कितीतरी वसतिगृहांना ते आज कळलेलं नाही. पण मूल वाचवायचं तर त्याचं मूळ छाटावंच लागतं, ही समजूत त्या उत्तम कामाच्या पोटातच होती. ती बाजूला काढून नुसत्या कामाला हार घालणं मला जमत नाही.

शुक्रवार

पाऊस. ऑक्टोबर संपत आला तरी. देओलोवर जायचं रद्द. दिवसभर होमस्टेच्या ओसरीवर बसून मोमो खाल्ले आणि कालिंपाँगचे दुधाचे लॉलीपॉप चघळले. ही लॉलीपॉपंसुद्धा मिशनऱ्यांची देणगी, स्विस पाद्र्यांच्या डेअरीची. इथलं चीजही त्यांचंच. या गावात एखादी गोष्ट कुणी सुरू केली असं विचारलं की चारात दोनदा तरी पाद्री निघतो.

संध्याकाळी पावसाने उघडीप दिली आणि गल्लीतली पोरं देउसी-भैलोची तालीम करत आली. तिहार म्हणजे यांची दिवाळी. त्यात कावळ्याचा एक दिवस, कुत्र्याचा एक दिवस, गाईचा एक, आणि मग भाऊबीज. पोरं दारोदार गातात आणि घरातल्यांनी त्यांना पैसे आणि सेल रोटी (तांदळाच्या पिठाचं तळलेलं कडं) द्यायची. मावशींनी चकल्या दिल्या. एका पोराने चकली उलटीसुलटी करून बघितली आणि हीसुद्धा सेल रोटीच आहे पण बिघडलेली, असं काहीसं तो म्हणाला असावा, कारण बाकीचे फार हसले.

शनिवार

तिस्ताकाठचा रस्ता दुरुस्तीसाठी बंद. दाजू म्हणाले, लावा–गोरुबथानवरून जाऊ, वेळ लागेल, पैसेही जास्त लागतील. साडेचार हजारांवर तोडलं. मावशींना वाटलं फसवलं, पण लावाच्या धुक्यात उंच झाडांखालून गाडी जाऊ लागली तशा त्या गप्प बसल्या.

गोरुबथान सोडलं की डोंगर एकदम संपतो आणि दुआर्सचे मळे सुरू होतात. सपाट, कापल्यासारखे, मध्येमध्ये सावलीची झाडं. खाली दामडिमच्या अलीकडे रस्त्याला लागूनच पानांचं वजन चाललं होतं. दाजूंनी चहासाठी गाडी थांबवली आणि मावशी माझी वाट न बघता तिकडे निघाल्या.

तिथे बायका पाठीवरच्या कापडी झोळ्या सोडून काट्यावर ठेवत होत्या. सरदार, म्हणजे मजुरांचा मुकादम, आकडा ओरडायचा, बाबू वहीत लिहायचा, बाई स्वतःही बोटांवर मोजायची. झोळी उपडी केली की पानांचा ढीग हळूच पसरतो, आणि आतून गरम वाफ येते, कारण पानं दाबून ठेवली की तापतात. ठरलेला ठेका भरला नाही तर पैसे कापतात, जास्त भरला तर किलोमागे थोडे वर मिळतात. इथल्या रोजाचा आकडा मला आधीच माहीत होता. 2023 मध्ये तो 232 वरून 250 रुपये झाला होता. या बायका उरांव-मुंडा समाजाच्या, आपसांत सादरी बोलत होत्या. पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारी पाच-सहा तान्ही पोरं सांभाळत बसली होती. साडीचा झोळणा, त्यात एक झोपलेलं. पन्नास किंवा त्याहून जास्त बायका कामाला असतील तर मळ्याने पाळणाघर द्यायचं, असं 1951 च्या मळेकामगार कायद्यात होतं. ते पाळणाघर बहुधा हेच.

मावशींनी एका बाईला हिंदीत विचारलं, मुलं किती. तीन. मोठी कुठे? वर, मिशनच्या होस्टेलात, आठवीत. मावशींनी माझ्याकडे न बघता पुढचा प्रश्न विचारला, भेटायला जाऊ देतात का?

ती बाई चमकली. "का नाही देणार? माझी मुलगी आहे." मग म्हणाली, महिन्यातून एकदा जाते, पण भाड्याचे पैसे जमले तरच. सुमोत दाटीवाटीने बसूनही जाऊन-येऊन एका रोजापेक्षा जास्त जातात. मुलीला चहाच्या मळ्यात यायचं नाही, नर्स व्हायचं आहे.

मावशी खुलल्या. आपण नर्स होतो हे सांगून टाकलं, कॅप कशी असायची ते हाताने दाखवलं, मुलीने बारावीला विज्ञान घ्यायला हवं हे दोनदा बजावलं, आणि उरलेल्या सगळ्या चकल्या तिच्या पदरात ओतल्या. मी तोवर चहाचे पैसे देऊन आले. दाजू हॉर्न वाजवत होते, गाडी पकडायची होती.

निघताना त्या बाईने विचारलं, तुम्ही कालिंपाँगहून आलात तर गाडीला किती दिले? मावशींनी सांगितलं, साडेचार हजार. तिने शेजारणीला सादरीत काहीतरी सांगितलं, शेजारणीने पुढच्या बाईला, आणि काट्यासमोरची सगळी रांग मोठ्याने हसली. सरदार सोडून.